दगडाचं पीठ

कुठे भूकंपाचा धक्का बसला असं कळलं की लोक विचारतात, "किती मोठा होता?" आमचे नानासर विचारायचे, "किती वेळ होता?" समोरचा उत्साहाने सांगायला लागायचा, "अहो सर, मांडणीवरची भांडी पडली!" तर हे म्हणायचे, "भांड्यांचं सोड. वेळ सांग. चहा फुंकून प्यावा एवढा, की नुसता कप उचलावा एवढा?" समोरच्याला वाटायचं, म्हातारा टिंगल करतोय. टिंगल नव्हती. तेवढ्या वेळात कुठला दगड कुठल्या दगडाला किती घासला गेला, एवढंच नानासरांना हवं असायचं. त्यापायी त्यांनी स्वतःचं निम्मं आयुष्य घालवलं आणि माझंही बरंचसं डोकं खाल्लं.

नानासर धुळ्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचे. नाना हे घरचं नाव, सर हे कॉलेजातलं. गावाने दोन्ही जोडून टाकली. मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे जळगावला एका कॉलेजात मीही भूगोलच शिकवायला लागले, तेव्हापासून ते मला लाडात असले की 'पोरी' आणि चिडलेले असले की 'मॅडम' म्हणायचे. माझ्या वाट्याला मॅडमच जास्त आलं. कारण मी घाई करायचे, आणि घाई या गोष्टीचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "दगडाला घाई नसते, मॅडम," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आजही ते आठवलं की माझ्या कपाळाची शीर उडते.

वाळवंट शिकवायला लागले की मात्र हा माणूस वेगळाच व्हायचा. "वाळवंट म्हटलं की ज्याच्या डोक्यात उंट येतो त्याने बाहेर जाऊन चहा पिऊन यावं," अशी सुरुवात. मग ते आम्हाला दक्षिण अमेरिकेतल्या एका वाळवंटात न्यायचे. तिथे पाऊस असा पडतच नाही. डोंगरावरून गडगडत आलेले खोलीएवढाले दगड सपाटीवर एकमेकांना खेटून उभे आहेत. पाणी नाही, नदी नाही, आणि तरी त्या दगडांच्या कमरा गुळगुळीत. "कोणी केल्या?" सर विचारायचे. आम्ही म्हणायचो, वाऱ्याने. "वाऱ्याने केल्या असत्या तर सगळं अंग गुळगुळीत झालं असतं. हे फक्त जिथे शेजारी खेटतो तिथेच आहे." मग बाकांमधून फिरत कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवायचे. "शिरपूरच्या गाडीत उभा राहून येतोस ना तू? शर्ट कुठे विरतो तुझा? खांद्याला. गाडी हलते, माणसाला माणूस घासतो. तिथे जमीन हलते, दगडाला दगड घासतो. गर्दीच्या मधला जास्त घासतो, कडेचा कमी. लाखो वर्षं. तुमची सेमिस्टर संपते तरी त्यांचं अजून काहीच झालेलं नसतं."

इथपर्यंत ठीक होतं. जगातल्या लोकांनी अभ्यासलेली गोष्ट वर्गात रंगवून सांगणं हा कोणत्याही शिक्षकाचा हक्क आहे. पण नानासरांनी पुढचा प्रश्न स्वतःला विचारला आणि तिथे ते अडकले. तिकडे होतं, तर आपल्या सातपुड्यात का होणार नाही? धक्के तर आपल्याकडेही बसतात, छोटे असतील. जाणकार म्हणायचे, अहो सर, आपल्याकडे पाऊस आहे, ऊन आहे, झाडांची मुळं आहेत; त्यात भूकंपाने झिजवलेलं तुम्ही ओळखणार कसं? यावर सरांचं उत्तर ठरलेलं होतं. "शेजारी लग्नाचा बँड वाजतोय म्हणून माझ्या घरातलं घड्याळ टिकटिक करायचं थांबतं का? ऐकू येत नाही एवढंच. मला फक्त बँड बंद असलेली एक खोली पाहिजे."

आणि ती खोली त्यांना सापडली! चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका वस्तीच्या वरच्या अंगाला एक कपार आहे. वरचा कडा छपरासारखा पुढे आलेला, त्यामुळे कितीही मोठा पाऊस आला तरी आत थेंब येत नाही. ओलही नाही, गवताची काडी नाही. आणि त्या कोरड्या जागेत काळ्या पाषाणाचे दोन भलेमोठे दगड खांद्याला खांदा लावून उभे. जिथे ते खेटतात तिथे हात घातला तर जात्याच्या पाळीसारखं गुळगुळीत लागतं. नानासर त्या जागेला 'माझं दोन हातांचं वाळवंट' म्हणायचे. जगातलं बहुधा एकमेव वाळवंट, जिथे चोपड्याहून काळी-पिवळी जीपने जाता येतं.

त्यांनी काय केलं, तर त्या दोन दगडांच्या फटीखाली काळा रंग दिलेला एक पत्रा ठेवला. धक्का बसला, दगड घासले, तर दगडाचं ताजं पीठ खाली पडेल आणि काळ्या पत्र्यावर दिसेल. धक्क्यानंतरची एक चिमूट त्यांना हवी होती. का हवी होती तेही सांगते. एका परिषदेत त्यांनी हा विचार मांडला होता तेव्हा अध्यक्षस्थानी बसलेले एक मोठे अभ्यासक गोड हसून म्हणाले होते, "सर, कथा सुंदर आहे. नमुना कुठे आहे?" मागून कोणीतरी पुटपुटलं, "नमुना समोर उभा आहे की!" आणि सभागृह हसलं. मी तिथेच होते. नानासरही हसले होते, पण त्या दिवसानंतर नमुना हा शब्द त्यांच्या घरात कोणी काढायचा नाही असा नियमच झाला.

आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? जाळी लावेल, कॅमेरा बसवेल, विद्यापीठाकडे प्रकल्प मागेल. मी हे सगळं सांगून थकले. कॅमेरा म्हटलं की, "माकडं नेतील." जाळी म्हटलं की, "वस्तीची गुरं दुपारी कपारीच्या तोंडाशी सावलीला बसतात. त्यांची सावली अडवणारा मी कोण?" प्रकल्प म्हटलं की नुसताच हात उडवायचे. मी एकदा चिडून म्हणाले, "सर, घाई दगडाला नसते, पण तुम्हाला असायला हवी. तुम्ही दगड नाही." यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, पोहे घेणार का?"

त्यांची पद्धत एकच. सातपुड्याच्या बाजूला धक्का बसल्याची बारीकशी बातमी पेपरात आली की पिशवी खांद्याला लावायची आणि निघायचं. धुळ्याहून अमळनेर, अमळनेरहून चोपडा, तिथून काळी-पिवळी, मग पायी. कपारीशी पोहोचले की चपला बाहेर काढायच्या, बाहेरची माती आत जायला नको म्हणून. दगडावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि काही थरथर उरली आहे का ते बघत बराच वेळ तसंच उभं राहायचं. शेवटी खाली वाकून पत्रा बघायचा. पत्रा रिकामा. दर वेळी रिकामा. घरी आले की दोन दिवस कोणाशी बोलायचे नाहीत. काकू, म्हणजे त्यांची बायको, मला फोनवर सांगायच्या, "सवत असती तर निदान भांडायला तरी मिळालं असतं गं. दगडाशी काय भांडू?"

अशी वर्षं गेली. सर निवृत्त झाले, गुडघे कुरकुरायला लागले, पत्रा रिकामाच. आणि मग एक दिवस मी वर्गावर असताना त्यांचे लागोपाठ फोन. तास सोडून बाहेर आले. सर चोपड्याच्या स्टँडवरून ओरडत होते, मागे गाड्यांचे हॉर्न. "पडलं! पोरी, पीठ पडलं! चांगली मूठभर! करड्या रंगाचं!" मीही कॉलेजच्या व्हरांड्यात ओरडले. ते धुळ्याला न जाता थेट जळगावला आले. कागदाची पुडी छातीशी धरलेली, दाढी वाढलेली, आणि चेहरा असा की मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. येता येता गाडीतूनच त्यांनी त्या मोठ्या अभ्यासकांना फोन करून कळवलंही होतं, की नमुना मिळाला. जन्मभर घाईला शिव्या घालणाऱ्या माणसाने एकदाच घाई केली, ती इथे!

माझी एक मैत्रीण आमच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक होता म्हणून पुडी घेऊन तिथे गेलो. तिने थोडं पीठ काचेवर घेतलं, डोळा लावला. मग तिने आयोडीनची बाटली काढून एक थेंब टाकला. पीठ निळंकाळं झालं. दहावीच्या पोरालाही कळतं त्याचा अर्थ काय. पिष्टमय पदार्थ. ती बिचारी हळूच म्हणाली, "सर, ज्वारी आहे. आणि काळी टरफलं दिसतायत ती उडदाची." नानासर स्टुलावर बसले. काचेकडे बघत म्हणाले, "कळणा." जन्मभर कळण्याची भाकरी खाल्लेला खानदेशी माणूस, आणि कळण्याचं पीठ दगडाचं म्हणून घेऊन आला. मला हसूही येत होतं आणि ती पुडी खिडकीबाहेर भिरकवावीशीही वाटत होती. सरांनी माझ्यासमोरच त्या अभ्यासकांना पुन्हा फोन लावला. "नमुना चुकीचा निघाला," एवढंच म्हणाले. कसा चुकीचा, ते पलीकडून विचारलं असणार, कारण सरांनी डोळे मिटून खरं ते सांगितलं. पलीकडचं हसणं मला दोन हातांवरून ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वस्तीवर गेलो. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. कपारीखालच्या पहिल्याच घरात एक अक्का राहतात. पावसावरची थोडी शेती, हंगामात मोहाची फुलं आणि डिंक गोळा करायचा, असा त्यांचा संसार. सर आले की पाणी त्याच द्यायच्या. मी विचारलं, "अक्का, पत्र्यावर पीठ कोणी टाकलं?"

"मीच टाकं," अक्का म्हणाल्या. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. "मास्तर इतला लांबथून येतस. पत्राकडे देखतस नि तोंड उतारीसन परत जातस. माले काही बरं वाटे ना. मंग घरमाईन मूठभर पीठ आनं नि टाकी दिधं. म्हनं, खाली हातनं तं नको जावाले."

आता यावर भांडणार कसं? तेवढ्यात सरांनी विचारलं, "अक्का, जमीन हालल्यावर, मी पोहोचण्याआधी तिथे कधी काही पडलेलं दिसायचं का? बारीक, भुकटीसारखं?"

"ते व्हय? ते तं अंगारा शे," अक्का म्हणाल्या. "जमीन हालनी का दगड देस. पोरेसना कपायले लावतस. बठ्ठी वस्ती लई जास."

नानासरांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. "पडतं!" ते म्हणाले. "पोरी, पडतं!" वर्षानुवर्षं ज्या पुराव्यासाठी हा माणूस एसटीचे धक्के खात होता तो पुरावा वस्तीतल्या पोरांच्या कपाळावर होता. सरांना त्याचा आनंद झाला. माझा संताप संताप झाला. मी अक्कांना विचारलं, "पण हा देव आहे असं तुम्हाला सांगितलं कोणी?"

अक्कांनी सरांकडे बोट केलं. "मास्तरनी! पहिले आम्ही तठे ढोरं बांधूत. मंग मास्तर लांबथून उनात, त्यासनी पहिले वहाना काढ्यात. दगडले हात लावा, डोया मिट्यात. शिकेल माणूस इतला नमस्कार करस, मंग आम्ही काय समजानं?"

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माती आत जाऊ नये म्हणून काढलेल्या चपला. थरथर कळावी म्हणून मिटलेले डोळे. शास्त्र शिकवणाऱ्या माणसाने, आयुष्यात देवळात न गेलेल्या माणसाने, एका दगडाचा देव करून ठेवला होता, तोही स्वतःच्या पद्धतशीरपणाने.

मी म्हटलं, आता तरी कुलूप लावा. नाही. त्यांनी संध्याकाळी वस्ती गोळा केली आणि अक्कांचं जातं मागून घेतलं. दोन पाळ्या दाखवून विचारलं, "दळताना जात्याचा दगडही थोडा पिठात उतरतो की नाही?" अक्का म्हणाल्या, "उतरस ना. भाकर खाताना दातमा करकर येस." सर म्हणाले, "मग तसंच. वरचे दोन दगड म्हणजे जातं. जमीन ते फिरवते. देव नाही, जमीन. मला ती करकर पाहिजे." लोकांनी माना डोलावल्या. त्यांनी फार छान समजावलं, हे मलाही कबूल करावं लागेल. शेवटी अक्का म्हणाल्या, "बठ्ठं समजनं, मास्तर. आते कोनीच हात लावाव नही." परतताना मी गाडीत तोंड फुगवून बसले होते. सर म्हणाले, "समजलंय त्यांना. कुलपाला काय समजतं?" त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटला होता, आणि त्यांच्याइतका चांगला शिक्षक मी पाहिलेला नाही हेही त्याच क्षणी वाटलं होतं.

पुढचा धक्का यायला वेळ लागला. तोवर सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, हृदयाचंही काहीतरी निघालं होतं. डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं. काकूंनीही नाही म्हटलं. त्यामुळे मी जळगावहून गाडी घेऊन धुळ्याला गेले आणि त्यांना घेऊन निघाले. वाटेत त्यांनी अक्कांना फोन केला, "मी येतोय. हात लावू नका." मी म्हटलं, "न कळवता जाऊ या ना, सर." तर म्हणाले, "कोणाच्या दारी न सांगता जायचं का?"

वस्तीच्या अंगणवाडीपासूनच रस्ता झाडलेला दिसला. कपारीत शेणाने सारवलं होतं. कडेला रांगोळी होती. दोन्ही दगड पुसून लख्ख. आणि फटीखाली तो पत्रा, राखेने घासघासून इतका चकचकीत केलेला की सरांनी दिलेला काळा रंगही निघून गेला होता. अक्का पदर सावरून उभ्या होत्या, तोंडभर हसू.

"देखा मास्तर, कोनी हात लावा नही! बठ्ठं मी सोता झाडी-पुसी ठेवं. पत्रा राख लाईसन घासा. तुम्ही येनार, नि तठे धूय कशी ठेवू?"

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. अक्कांचं हसू हळूहळू मावळलं, त्यांना बोलण्यातलं निम्मं कळलं आणि उरलेलं माझ्या आवाजावरून कळलं. सर मधे पडतील, मला गप्प करतील असं वाटत होतं. ते पडले नाहीत. काठी टेकून त्या चकचकीत पत्र्याकडे बघत राहिले. मग अक्कांनी दिलेली भाकरी त्यांनी खाल्ली, ठेचा छान झालाय म्हणाले, आणि आम्ही निघालो.

चोपड्याच्या पुढे केळीच्या बागा लागल्या तिथे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. मला वाटलं, जीव घाबरला. ते खाली उतरले, बांधाशी उभे राहिले. मी पाण्याची बाटली घेऊन गेले तर म्हणाले, "मला राग आलाय. एवढा राग मला उभ्या आयुष्यात आला नव्हता. आणि काढू कोणावर? तिच्यावर? पाहुणा यायचा म्हणून तिने घर झाडलं. माझ्या आईनेही झाडलं असतं." बाटली घेतली, पण पाणी प्यायले नाहीत.

त्यानंतर ते फारसे घराबाहेर पडले नाहीत. मी महिन्या दोन महिन्यांनी जायचे. शेवटच्या भेटीत पलंगावर उशाला टेकून बसले होते, आवाज बारीक झालेला. मी त्यांची समजूत काढायला काहीतरी गोड बोलले. म्हटलं, "सर, चिमूट नाही मिळाली, पण त्या दगडामुळे माणसं तर मिळाली. अक्का मिळाल्या, वस्ती मिळाली."

त्यांनी अशा नजरेने पाहिलं की मी जागच्या जागी विद्यार्थिनी झाले. "हे असलं शोकसभेत बोलायचं असतं, मॅडम. माणसं मला धुळ्यात कमी होती का? मला ती चिमूट हवी होती." थोडा दम घेऊन पुन्हा म्हणाले, "बाकी काही नको होतं गं. चिमूट हवी होती."

महिनाभरात ते गेले. शोकसभा झाली. बोलायला उभं राहिलेल्या पहिल्याच वक्त्यांनी गंभीर आवाजात सांगितलं की, सर दगड शोधायला गेले आणि त्यांना माणसं सापडली. टाळ्या वाजवायची जागा नव्हती म्हणून, नाहीतर वाजल्या असत्या. मी उठून बाहेर पाणी प्यायला गेले आणि सभा संपेपर्यंत आत आले नाही.

मागच्या हिवाळ्यात पेपरच्या आतल्या पानावर पुन्हा ती बारीकशी बातमी आली. सातपुड्याच्या पायथ्याला सौम्य धक्का, हानी नाही. मी वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि स्वतःला सांगितलं की आपलं आता तिथे काही काम नाही. तासाभराने चोपड्याच्या गाडीत बसले होते. कोणालाही कळवलं नाही.

कपारीच्या तोंडाशी अक्का बसल्या होत्या. हातात शेळ्या हाकायची काठी, पाठ दगडांकडे. मला बघून उठल्या नाहीत. "मास्तर गयात, ते समजनं," त्या म्हणाल्या. "मंग जमीन हालनी. म्हनं, आते कोन येई? तरी सकायपशी आठेच बठेल शे. शेळीलेबी जाऊ दिधं नही." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मांगे तू माले कितली बोलनी. आते झाडूच आना नही."

मी त्यांचा हात धरला.

मी आत वाकले. पत्रा मळका होता, कडेला कोळिष्टकं. आणि दगडांच्या फटीच्या बरोबर खाली करड्या भुकटीची एक बारीक रेघ पडली होती. बोटाच्या पेराएवढी रुंद, हाताएवढी लांब. मऊ, पण चिमटीत घेतली तर खरखरीत. मी ती पिसाने गोळा केली, बाटलीत भरली आणि सगळी वाट बाटली मुठीत धरून आले. येताना डोक्यात सरांचाच आवाज चालू होता, की मॅडम, एका चिमटीने काही सिद्ध होत नाही. दिवसा तापून रात्री गारठून दगडाची भुकटी पडत नाही का? आणखी धक्के येऊ द्या, आणखी चिमटी जमवा. मला हे सगळं ठाऊक होतं, त्यांनीच शिकवलं होतं. आणि गाडीत बसल्या बसल्या त्यांचा मला इतका राग येत होता, की आणखी एक हिवाळा थांबले असते तर काय बिघडलं असतं?

मैत्रिणीने काचेवर आयोडीनचा थेंब टाकला. आम्ही दोघी बघत राहिलो. तो पिवळट तपकिरी होता तसाच राहिला. तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, मग बाजूला होऊन मला बघायला दिलं. काळे-करडे टोकदार कण. दगड. नुकता फुटलेला, स्वच्छ दगड.

मी धुळ्याला फोन लावला. काकूंनी उचलला. म्हटलं, "काकू, पीठ पडलं. खरं पडलं. दगडाचं."

फोन कटला की काय म्हणून मी दोनदा 'हॅलो' केलं.

मग त्या म्हणाल्या, "आत्ता सुचलं का मेल्या दगडाला?" आणि हमसून हमसून रडायला लागल्या.